घराचा नकाशा एकीच्याच डोक्यात

बेळगावच्या उद्यमबागेतल्या अनेक मशीन शॉपमध्ये भिंतीवर हत्यारांचा एक फळा असतो. त्यावर प्रत्येक पान्याची, हातोडीची आणि पकडीची आकृती रंगवलेली असते. एखादे हत्यार जागेवर नसले की तिथे नुसती आकृती उरते आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडते. पाळी बदलताना जाणारा कामगार येणाऱ्याला कोणते काम अर्धवट राहिले आहे आणि कोणत्या यंत्राचा आवाज बिघडला आहे हे सांगतो किंवा वहीत लिहून ठेवतो. माझे पती गेली अठरा वर्षे अशाच एका कारखान्यात काम करतात आणि तिथली कोणतीही वस्तू त्यांना अंधारातही सापडेल. घरात मात्र मुलाचा पट्टा, विजेचे बिल किंवा स्वतःचा धुतलेला शर्ट कुठे आहे हे त्यांना मला विचारावे लागत असे. हे मी त्यांची तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण ते कष्टाळू आहेत आणि घराविषयी त्यांना आस्था आहे. मला दिसणारा फरक दोन जागांमधला आहे. कारखान्यात वस्तूची जागा ही सगळ्यांच्या मालकीची माहिती असते आणि घरात तीच माहिती एका बाईच्या डोक्यात साठवलेली असते.

हे मला नीट उमगले ते नोकरीच्या प्रशिक्षणासाठी तीन दिवस बंगळूरला गेले तेव्हा. रात्रीच्या गाडीत बसल्यापासून घरून फोन सुरू झाले. धाकट्याचा शनिवारचा पांढरा गणवेश कुठे आहे, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचे दुसरे पाकीट आणले आहे की नाही, गॅसचे पुस्तक कुठल्या खणात आहे, मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायचा उत्पन्नाचा दाखला नवा काढला आहे का. पहिल्या दिवशी, आपल्यावाचून घराचे अडते याचे मला थोडे बरेही वाटले. दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेरच्या जिन्यात उभी राहून "कपाटाच्या वरच्या कप्प्यात, डाव्या हाताला, बिस्किटांच्या जुन्या डब्यात" असे सांगत असताना मात्र मला भीती वाटली. मी महिनाभर अंथरुणाला खिळले, तर या घरात सगळ्या वस्तू जागच्या जागी असूनही कुणाला काही सापडणार नाही. आमचे घर तसे नीटनेटके आहे, पण त्या नीटनेटकेपणाची किल्ली एकीच्याच कमरेला होती.

म्हणून घर आवरण्याविषयी आज जे सल्ले दिले जातात, ते मला अपुरे वाटतात. मोबाइलवर दिसणारी पांढऱ्या भिंतींची, रिकाम्या ओट्यांची घरे आणि 'वर्षभरात न वापरलेली वस्तू काढून टाका' हा नियम ऐकून नोकरी करणाऱ्या आईला पहिल्यांदा अपराधी वाटते आणि मग ती रविवारची दुपार कपाटे रिकामी करण्यात घालवते. पुढच्या रविवारी ती पुन्हा तेच करते. कारखान्यांत ज्या पद्धतीला फाइव्ह एस म्हणतात, ती जपानी कारखान्यांतून आली आणि तिच्या पाच पायऱ्या आहेत: नको ते वेगळे काढणे, उरलेल्याची जागा ठरवणे, स्वच्छ ठेवणे, ती पद्धत सगळ्यांसाठी एकसारखी करणे आणि कुणी आठवण न करता ती पाळणे. घर आवरायला शिकवणारी मंडळी बहुतेक पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. शेवटच्या दोन पायऱ्या चढायला एकापेक्षा अधिक माणसे लागतात, आणि घराच्या बाबतीत ती माणसे कुणी मोजलेलीच नसतात. कारखान्यात एकट्या फोरमनने रोज सगळी हत्यारे गोळा करून फळ्यावर लावली असती आणि त्याला 'तुम्हाला स्वच्छतेची फार आवड हो' असे म्हटले गेले असते, तर ती पद्धत आठवडाभरही टिकली नसती.

शिवाय वर्षभराचा तो नियम आमच्या भागातल्या घरांना लागूही पडत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि खानापूरच्या बाजूला तर त्याहूनही अधिक काळ, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ज्या घरात मुलांना गणवेशाचे केवळ दोन जोड असतात, त्या घरातल्या आईला ऑगस्टमध्ये रात्री पंख्याखाली ओली चड्डी धरून बसावे लागते. तिसरा जोड हा आमच्याकडे पसारा ठरत नाही. जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा, ताडपत्री, पातेली, पराती यांचेही तेच. गावची लक्ष्मी यात्रा काही वर्षांनी एकदाच येते, पण ती आली की घरात पाच-पन्नास पाहुणे जेवतात आणि माळ्यावरचे मोठे पातेले त्या दिवशी खाली उतरते. सासूबाईंना मी एकदा ते मोडीत घालूया म्हणून सुचवले होते. त्यांनी वाद घातला नाही. पातेले पुढच्या वेळी कुणाकडून आणणार एवढेच विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

मात्र सीमाभागातल्या घराचा सर्वांत मोठा पसारा कपड्यांचा नसतो आणि भांड्यांचाही नसतो. तो कागदांचा असतो.

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्या तळाशी मोडी लिपीतले काही कागद आहेत, त्यांच्यावर मुंबई इलाख्याच्या काळातली खते आहेत, मग मुंबई राज्याच्या, मग म्हैसूर राज्याच्या आणि 1973 नंतर कर्नाटकाच्या शिक्क्यांचे कागद आहेत. घर जागचे हललेले नाही, त्याच्यावरचे सरकार मात्र बदलत गेले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. दोन्ही राज्यांमधल्या सीमावादासाठी 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्याच वर्षी अहवाल दिला, तो महाराष्ट्राने मान्य केला नाही, आणि 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. ज्या माणसांच्या गावाचे राज्य कोणते, याचाच निकाल त्यांच्या हयातीत लागला नाही, ती माणसे कागदाचा एक चिटोराही टाकणार नाहीत. त्यांना साठवण्याची खोड आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते अनुभवातून आलेले शहाणपण आहे.

त्यात नावांची अडचण असते. माझ्या सासऱ्यांचे नाव जुन्या उताऱ्यात बाळबोध मराठीत आहे, नंतरच्या उताऱ्यात कन्नडमध्ये आहे आणि पासबुकात इंग्रजीत आहे. एका ठिकाणी आडनाव शेवटी येते, दुसऱ्या ठिकाणी वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर येते, तिसऱ्या ठिकाणी एक वेलांटी बदलली आहे. हे तिन्ही एकच गृहस्थ आहेत हे सिद्ध करायची वेळ आली की चौथा आणि पाचवा कागद लागतो. 2015 पासून डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रे ऑनलाइन ठेवण्याची सरकारी सोय, आले आणि त्यातल्या कागदपत्रांना मूळ प्रतीइतकीच मान्यता कायद्याने दिली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्यात नवे कागद असतात. आजोबांची खरेदीखते नसतात. आणि खिडकीपलीकडे बसलेला माणूस अजूनही बहुतेक वेळा झेरॉक्सच मागतो.

हे कागद ठेवायचे कुणी यापेक्षा वाचायचे कुणी, हा प्रश्न घराच्या दृष्टीने अधिक कठीण आहे. माझ्या सासूबाई मराठी चौथीपर्यंत शिकल्या आहेत आणि रोजचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. परंतु घरपट्टीची नोटीस आली की त्यांना ती बाजूला ठेवावी लागते, कारण ती कन्नडमध्ये असते. माझे पती कारखान्यात दिवसभर उत्तम कन्नड बोलतात, पण छापील मजकूर त्यांना अक्षर अक्षर लावून वाचावा लागतो. नोकरीसाठी मी कन्नड वाचायला शिकले, त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद फ्रिजवर माझी वाट पाहत पडून राहू लागला. रविवारपर्यंत तिथे गठ्ठा होई. तो गठ्ठा पाहून कुणी म्हटले असते की या बाईला घर आवरता येत नाही, तर ते दिसायला खरेच होते.

सीमाप्रश्नावर आपल्याकडे जे बोलले जाते ते दुकानांच्या पाट्या, सभा, मोर्चे आणि 1 नोव्हेंबरचा काळा दिवस यांविषयी असते, आणि त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. मी मात्र त्या प्रश्नाकडे माझ्या फ्रिजवरून पाहते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी 1956 पासून जी संरक्षणे मान्य झाली आहेत, त्यांत ज्या भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे लोकसंख्येच्या 15 टक्के किंवा अधिक असतील, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, अशी तरतूद आहे. संविधानाच्या 350-ब या कलमानुसार या संरक्षणांवर देखरेख करणारा विशेष अधिकारीही नेमला जातो. हे नीट पाळले गेले, तर सासूबाई घरपट्टीची मुदत स्वतः वाचतील, पाण्याच्या वेळापत्रकातला बदल स्वतः लक्षात ठेवतील आणि घराच्या कारभारातला एक मोठा भाग पुन्हा त्यांच्या हातात येईल. वाचता न येणारा कागद घरातल्या शहाण्या, अनुभवी माणसाला आश्रित बनवतो आणि त्याचे ओझे वाचता येणाऱ्या एका माणसावर टाकतो. महाराष्ट्रातल्या अक्कलकोट किंवा जतकडच्या कन्नड भाषिक घरांत मराठी नोटिशीमुळे नेमके हेच घडत असणार, आणि तिथल्या सुनेविषयी मला तितकीच कळकळ वाटते. आम्ही कन्नड शिकावे हे मला मान्य आहे. माझी मुलगी शाळेत ती आनंदाने शिकते आहे. पण सत्तरीतल्या बाईला 'शिकून घ्या' असे सांगणे हे कोणत्याही राज्याला शोभणारे उत्तर नाही.

आता वेळेचा हिशेब. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात घरकामात सहभागी होणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता आणि पुरुषांचा 97 मिनिटे. मुळात सहभागी होणारे पुरुषच शंभरात सुमारे 26 होते, तर स्त्रिया 81. हे आकडे हाताने केलेल्या कामाचे आहेत. मशीनवर कामात उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात त्याच वेळी 'उद्या बुधवार, मुलाची चित्रकलेची वही संपली आहे' हे चालू असते, त्याची मिनिटे कुठेच मोजली जात नाहीत. कर्नाटकात 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेमुळे स्त्रियांना सरकारी बसने मोफत प्रवास करता येतो आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात महिन्याला 2000 रुपये जमा होतात. यामुळे आमच्या भागातल्या बायकांचे घराबाहेर पडणे सोपे झाले, हातात स्वतःचे पैसे आले, आणि याचे मी मनापासून स्वागत करते. बाई घराबाहेर पडली, पण घर मात्र तिच्या डोक्यातून बाहेर पडले नाही, आणि ते बाहेर काढणे कोणत्याही योजनेने होण्यासारखे नाही. ते घरातल्या माणसांनीच करायचे आहे.

'मदत' या शब्दापासून सुरुवात करावी लागेल, कारण त्या शब्दात काम कुणाचे हे आधीच ठरून गेलेले असते. मदत करणाऱ्याला काय करायचे, कधी करायचे आणि वस्तू कुठे आहे हे सांगावे लागते, आणि सांगण्याचे श्रम करण्याइतकेच असतात. म्हणून आम्ही कामांऐवजी खाती वाटली. गणवेश, बूट आणि दप्तर हे खाते पतींकडे गेले, म्हणजे ते केवळ धुणार किंवा इस्त्री करणार असे नव्हे, तर शनिवारी पांढरा गणवेश लागतो हे लक्षात ठेवणे आणि बूट लहान झाले हे ओळखणेही त्यांच्याकडे गेले. त्यांची रात्रपाळी असलेल्या आठवड्यात सकाळचे काम मुलगी पाहते आणि त्याची नोंद स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेल्या कागदावर असते. कागदपत्रे पती आणि मुलगी यांच्याकडे मिळून गेली. औषधे सासूबाईंनी स्वतःकडे मागून घेतली. गोळ्या चुकतील या काळजीने आधी मीच त्यांना हात लावू देत नव्हते, आणि त्या माझ्यापेक्षा जास्त काटेकोर निघाल्या.

यातला सर्वांत अवघड भाग माझ्या वाट्याला आला, आणि त्याविषयी बायकांनी मोकळेपणाने बोलायला हवे असे मला वाटते. घरातली प्रत्येक वस्तू आपल्यालाच सापडते, यात शिणवटा असतो तसा अधिकारही असतो. पूर्वी घरधनिणीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. आज जुडगा नाही, पण 'थांबा, मीच देते' हे वाक्य आहे. बाहेर नोकरीत माझा शब्द फारसा चालत नसताना घरातला हा एक प्रांत पूर्ण माझा होता. तो वाटून देताना मला खरोखर काहीतरी हरवल्यासारखे वाटले. पतींनी मोज्यांचा खण त्यांच्या पद्धतीने लावला तेव्हा तो पुन्हा माझ्या पद्धतीने लावण्याचा मोह मी दोन-तीनदा आवरला आणि एकदा आवरला नाही. आपण सोडलेल्या कामाची पद्धतही सोडावी लागते, हे मला तेव्हा कळले.

पहिल्याच महिन्यात एका शनिवारी धाकटा निळ्या गणवेशात शाळेत गेला. त्याला वाईट वाटले, संध्याकाळपर्यंत तो ते विसरला, आणि पतींकडून ती चूक पुन्हा झाली नाही. मला खुपले ते निराळे होते. त्या चुकीविषयीचा शाळेचा संदेश माझ्या फोनवर आला आणि गल्लीतल्या दोघींनी त्याविषयी मलाच विचारले. शाळांच्या व्हॉट्सॲप गटांत बहुतेक आयांचेच नंबर असतात, पालक सभेची वेळ आई मोकळी असेल असे गृहीत धरून ठरते, 'उद्या थर्माकोल आणि रंगीत कागद आणावा' असा निरोप रात्री आठ वाजता येतो. शाळांनी दोन्ही पालकांचे नंबर घ्यावेत आणि लागणाऱ्या वस्तूंची यादी आठवडाभर आधी द्यावी, ही मागणी करायला पैसा लागत नाही. वडिलांची पाळी बघून सभेचा दिवस ठरवणे कदाचित अवघड असेल, पण कारखान्यांच्या या शहरात त्याचा विचार करायला हरकत नाही.

वस्तूंचे म्हणाल, तर सासूबाईंच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला अलीकडे सापडले आहे. पूर्वी गावोगावी देवळाची किंवा गावकीची मोठी भांडी असत आणि कार्याला ती कुणीही नेऊ शके. काही गल्ल्यांतल्या मंडळांकडे आजही ती आहेत. पातेली, शिडी, ताडपत्री, पाहुण्यांच्या गाद्या, लहान झालेले गणवेश आणि स्वेटर एवढ्या गोष्टी गल्लीने एकत्र ठेवल्या, तर प्रत्येक माळ्यावरचा अर्धा भार उतरेल आणि वस्तू टाकावीही लागणार नाही. आमच्या मंडळाकडे गणपतीनंतर अकरा महिने बंद असलेली एक खोली आहे, त्यामुळे जागेची सबब सांगता येत नाही. टाकण्याविषयी बोलताना हेही लक्षात ठेवायला हवे की बेळगाव शहराचा कचरा तुरमुरीच्या डेपोवर जातो आणि तिथेही माणसांची घरे आहेत. आपले कपाट मोकळे झाल्याचा आनंद त्यांच्या दाराशी ढीग वाढवून मिळवायचा नसेल, तर वस्तू आधी शेजारच्या घरात फिरल्या पाहिजेत.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही ट्रंक उघडली. कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते आणि पावसानंतरचे ते ऊन कागदांना दाखवायला चांगले असते. घट बसण्यापूर्वी वाकळा धुऊन झाल्या होत्या, खंडेनवमीला पतींनी कारखान्यातल्या यंत्रांची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे सोप्यात ट्रंकेभोवती बसलो. काही कागदांना कसर लागली होती, ते आधी झटकले. मुलीने कन्नड कागद वाचून दाखवले, कोणते नाव कुणाचे आणि कोणते शेत कुणाकडून आले हे सासूबाईंनी सांगितले, पतींनी प्रत्येक पाकिटावर क्रमांक घातला आणि कारखान्यातल्या वहीत लिहितात तसे एका वहीत क्रमांक, वर्ष, विषय आणि भाषा असे रकाने पाडून सगळे लिहून काढले. वही ट्रंकेच्या झाकणाला आतून दोरीने बांधली आहे. धाकट्याने मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहून त्या बाहेरून चिकटवल्या, कारण मराठी हीच भाषा घरातल्या पाचही जणांना वाचता येते. दुबार झेरॉक्स, फिटलेल्या कर्जांच्या जुन्या पावत्या आणि बंद झालेल्या योजनांची पत्रके मिळून तीन किलो रद्दी निघाली. बाकी सर्व ठेवले.

सात क्रमांकाचे पाकीट मोडी कागदांचे आहे. ते घरात कुणालाच वाचता येत नाही, सासूबाईंनाही नाही. वहीत त्याच्यापुढे पतींनी 'मोडी, वाचून घ्यायचे आहे' असे लिहिले आहे आणि जबाबदारीच्या रकान्यात मुलीने स्वतःचे नाव घातले आहे.